काल्पनिक प्राण्यांची वंशावळ

खेळ हा करमणुकीचा विषय आणि शास्त्र हा गांभीर्याचा, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु जगांत कोठेंहि नसलेले प्राणी कागदावर काढण्याच्या एका खेळानें जीवशास्त्रांतील एका बिकट प्रश्नाला हात घातला. प्रश्न असा : आज जे प्राणी जिवंत आहेत, ते डोळ्यांसमोर आहेत; त्यांचे पूर्वज मात्र काळाच्या उदरांत गडप झाले. मग केवळ वंशजांच्या तोंडवळ्यावरून पूर्वजांची परंपरा लावतां येते काय? आणि ती लावली, तरी बरोबर लावली हें ठरविणार कोण?

या कथेचा आरंभ विलायतेंतील ऑक्सफर्ड येथें होतो. तेथील पिट-रिव्हर्स संग्रहालयाचे प्रमुख हेन्री बाल्फर यांनीं इ. स. १८९३ मध्यें नक्षीकलेच्या उत्क्रांतीवर एक ग्रंथ लिहिला. त्यासाठीं त्यांनीं एक साधा प्रयोग केला. एक चित्र एकास देऊन त्याची नक्कल करावयास सांगितली; ती नक्कल दुसऱ्यास दिली, दुसऱ्याची तिसऱ्यास, आणि असें पुढें चालविलें. प्रत्येकास आपल्या मागच्याचें तेवढें चित्र दिसे. आरंभीं डहाळीवरची गोगलगाय होती. ती बदलत बदलत अखेरीस पक्षी झाली. कोणीहि मुद्दाम बदल केला नव्हता. प्रत्येकाची किरकोळ चूक पुढच्याच्या हातीं मूळ म्हणून पडली, एवढेंच. पुढें केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ बार्टलेट यांच्या १९३२ च्या ग्रंथांत मिसर देशाच्या चित्रलिपींतील घुबडाचें असेंच मांजर झालेलें दिसतें.

याच्या अगदीं उलट खेळ पॅरिसमधील कवि आणि चित्रकार १९२५ च्या सुमारास खेळूं लागले. आंद्रे ब्रेताँ, इव्ह तांगी, झाक प्रेव्हेर ही मंडळी त्यांत होती. एकानें डोकें काढून कागद दुमडावयाचा, दुसऱ्यानें तें न पाहतां धड काढावयाचें, तिसऱ्यानें पाय. कागद उलगडला कीं एक अद्भुत प्राणी प्रकट होई. परंतु मागचें पुढच्यास दिसत नसल्यामुळें या प्राण्याला ना आई ना बाप. मौज पुष्कळ, पण वंश नाहीं. वंश निर्माण व्हावयाचा तर मागचें पुढें उतरलें पाहिजे, आणि उतरतांना थोडें बदललेंहि पाहिजे.

हें मर्म ओळखून अमेरिकेंतील कॅन्सस विद्यापीठाचे प्राणिशास्त्रज्ञ जोसेफ कॅमिन यांनीं १९६० नंतरच्या दशकाच्या आरंभीं आपली एक लहानशी सृष्टि निर्माण केली. गोचीड आणि तत्सम सूक्ष्म जीव हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. त्यांनीं एक मूळ प्राणी कल्पिला. प्रत्येक नवें चित्र मागच्यावरून गिरवून, त्यांत अल्प फरक करून ते काढीत गेले. कोठें मान लांबली, कोठें हात आखडले, कोठें अंगावर ठिपके उमटले. कांहीं शाखा वाढल्या, कांहीं निर्वंश झाल्या. अशा एकूण ७७ जाति झाल्या. त्यांतील २९ जिवंत आणि ४८ अश्मीभूत मानल्या गेल्या. त्यांना कॅमिनॅल्क्यूल हें नांव पडलें. खरी वंशावळ एकट्या कॅमिन यांस ठाऊक होती.

मग हीं चित्रें सहकाऱ्यांच्या व विद्यार्थ्यांच्या हातीं देण्यांत आलीं : यांचा वंशवृक्ष लावा! अनेकांनीं अनेक वृक्ष लावले. ते खऱ्या वृक्षाशीं ताडून पाहतां कॅमिन यांच्या एक गोष्ट ध्यानांत आली. ज्या वृक्षांत कमींत कमी फेरफार गृहीत धरावे लागत, तेच सत्याच्या अधिक जवळ जात. याच निरीक्षणावरून कॅमिन आणि रॉबर्ट सोकल या दोघांनीं १९६५ मध्यें वंशक्रम शोधण्याची एक पद्धति प्रसिद्ध केली. कॅमिन यांच्या पश्चात् १९८३ मध्यें सोकल यांनीं त्या सृष्टीचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला.

निसर्गांत अशी उत्तरपत्रिका कोणाच्या हातीं नसते. म्हणून परीक्षा घ्यावयाची तर ती मनुष्यनिर्मित सृष्टींतच घेणें प्राप्त होतें, हें या खेळाचें खरें मोल. मात्र एका परीक्षेंत उतरलेला नियम सर्वत्र उतरेल असें नाहीं. १९७८ मध्यें जोसेफ फेल्सेनस्टाइन यांनीं गणितानें दाखवून दिलें कीं, कांहीं शाखा झपाट्यानें व कांहीं मंदगतीनें बदलत असतील, तर अल्पतम फेरफारांचा हाच नियम फसवूं शकतो; इतकेंच नव्हे, तर पुरावा वाढवीत गेल्यास तो चुकीच्याच उत्तरावर अधिकाधिक ठाम होतो. आज पेशींतील डीएनए वाचून वंशवृक्ष लावतात. तेथेंहि नवी रीत प्रथम कल्पित वंशावळीवर पारखून घेण्याचा प्रघात आहे.

कॅमिन यांचे ते विचित्र प्राणी आजहि शाळा-महाविद्यालयांतून विद्यार्थ्यांपुढें ठेवले जातात. कात्रीनें चित्रें कापून मुलें त्यांचीं घराणीं लावूं लागतात, आणि दोन जीव दिसण्यांत सारखे असले म्हणजे ते सख्खे असतातच असें नाहीं, हें त्यांस हळूहळू उमगतें. गोगलगाईचा पक्षी करणाऱ्या प्रत्येक हातानें आपण जसेंच्या तसें उतरविलें असेंच मानलें असेल. वंशाचा इतिहास शोधणाऱ्यानें त्या हातांची आठवण ठेवावी आणि आपल्या उत्तराची परीक्षा कोठें घेतां येईल, हें आधीं पाहावें.