चंडोल आणि कळलावी: दोन नोंदींचा मागोवा

छत्रपती संभाजीनगरच्या छावणीपलीकडे मुरमाड माळ आहेत, त्यांच्या मागे झुडपांचे डोंगरउतार. माळ चंडोल पक्ष्याचे, झुडपे कळलावीच्या वेलीची. दोघांची घरे शेजारी असली तरी त्यांच्या शास्त्रीय नोंदी मात्र दूरदेशी झाल्या.

कळलावीची नोंद जुनी. आयुर्वेदात तिला लांगली म्हणतात. 1678 ते 1693 या काळात अ‍ॅम्स्टरडॅमला छापल्या गेलेल्या ‘हॉर्टस मलाबारिकस’ या वनस्पतिग्रंथात ती मेंदोनी या मलबारी नावाने आली. 1753 साली वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने तिला ‘ग्लोरिओसा सुपर्बा’ म्हटले. पुढे दीर्घकाळ ती लिलीच्या कुळात राहिली. तिच्यातले कोल्चिसिन हे विषारी द्रव्य आणि नंतर डीएनएचा पुरावा यांमुळे तिचे कूळ बदलले. आज ती कोल्चिकेसी कुळात आहे.

दख्खनच्या छोट्या तुरेवाल्या चंडोलाची नोंद एका लष्करी अधिकाऱ्याने केली. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील विल्यम हेन्री साइक्स यांनी 1832 साली दख्खनच्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली. तीत हा ‘अलाउडा देवा’ होता. आता तो ‘गॅलेरिडा देवा’. प्रजाती बदलली, चंडोलांचे कूळ कायम राहिले. आकाशात चढत गाणारा आणि इतर पक्ष्यांच्या लकबी उचलणारा हा पक्षी घरटे मात्र जमिनीवरच करतो.

1964 साली सुरू झालेल्या, जीवजातींना असलेला धोका नोंदवणाऱ्या आंतरराष्ट्रीय लाल यादीत आज दोघांपुढे एकच शेरा आहे: धोका सर्वांत कमी. पण शेरा सारखा असला तरी त्याचा अर्थ सारखा नाही. कळलावी आफ्रिकेपासून आग्नेय आशियापर्यंत पसरलेली आहे. औषधासाठी इथले कंद उपसले, तर जगात ती उरेल, पण हा डोंगर ओका होईल. चंडोलाला तो आधारही नाही. तो फक्त भारतात राहतो. त्याचा एकेक माळ गेला, की त्याच्या साऱ्या जगाचाच तेवढा तुकडा जातो.

आणि माळ जातो तो बहुधा ‘पडीक’ ठरून. कुठे भूखंड पडतात, तर कुठे सद्हेतूने दाट झाडे लावली जातात. उघड्या जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्याला दोन्हींचा फटका सारखाच. लाल यादी साऱ्या जगाचा हिशेब मांडते; आपल्या शिवाराचा हिशेब आपल्यालाच ठेवावा लागेल. त्याची सुरुवात माळाला पडीक न म्हणता अधिवास म्हणून नोंदवण्यापासून व्हावी.