भीमाकांठचा रोगी व तीन रुग्णालयें : तुलनेच्या साधनांचा विचार

करमाळा, माढा व इंदापूर या तालुक्यांतील जीं गांवें आज उजनी जलाशयाच्या कांठीं आहेत, त्यांतील अवघड दुखण्याचा रोगी पूर्वीं कोठें नेत, व जेथें नेत तें रुग्णालय इतरांहून चांगलें होतें हें कशावरून ठरवावें, या प्रश्नाचा येथें विचार करावयाचा आहे.

प्रथम मार्ग पाहूं. पुण्याहून निघालेली आगगाडी 1860 सालीं सोलापुरास पोंचली. त्यामुळें भीमाकांठाला एका बाजूस सोलापूर व दुसऱ्या बाजूस पुणें जवळ झालें. पुण्यांत ससून रुग्णालय 1867 सालीं सुरू झालें. मिरजेस डॉ. विल्यम वॉनलेस यांचें मिशन रुग्णालय 1894 सालीं उघडलें. परंतु कुर्डुवाडीहून निघणारी बारशी लाइट रेल्वे पंढरपुरास 1906 सालीं व मिरजेस 1927 सालीं पोंचली. म्हणजे जेऊर किंवा केम येथील रोग्यास कुर्डुवाडीस गाडी बदलून मिरजेस जाणें या सालानंतरच सुलभ झालें. सबब त्यापूर्वींच्या काळांतील मिरजेच्या कीर्तीचा दाखला या गांवांपुरता जपूनच घेतला पाहिजे.

आतां मापाकडे वळूं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत, नवव्या अध्यायांत, चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषधद्रव्य, परिचारक व रोगी. प्रत्येकाचे चार गुण दिले आहेत. वैद्याच्या गुणांत शास्त्रज्ञानाबरोबर पुष्कळ वेळां कर्म पाहिलेलें असणें हा एक गुण आहे. आणि शौच हा गुण वैद्य व परिचारक या दोघांकडेही मागितला आहे. पंधराव्या अध्यायांत रोग्याचें घर बळकट, वाऱ्याच्या झोताबाहेर, पण एका बाजूनें हवा खेळती असलेलें, धूर व धूळ यांपासून दूर असावें असें म्हटलें आहे. ही कसोटी आजही टाकाऊ नाहीं.

केवळ आंकड्यांवर विसंबल्यास काय होतें, याचें उदाहरण लंडनचें आहे. मिस नाइटिंगेल यांच्या रुग्णालयविषयक ग्रंथाच्या 1863 सालच्या आवृत्तींत तेथील 24 रुग्णालयांतील मृत्यूंचें प्रमाण शेंकडा 90 हून अधिक दाखविलें गेलें. कारण असें कीं, वर्षभरांतील मृत्यूंना 1861 सालच्या एका दिवशीं खाटेवर असलेल्या रोग्यांच्या संख्येनें भागलें होतें. दाखल झालेल्या सर्व रोग्यांशीं तेच मृत्यू ताडले असते तर हें प्रमाण पुष्कळच खालीं आलें असतें. या गणितावर त्या काळींच टीका झाली. आंकडा खरा, पण छेद चुकीचा, असा हा प्रकार होय.

भीमाकांठास आणखी दोन सावधगिऱ्या लागू पडतात. नामांकित शस्त्रवैद्याकडे असाध्य रोगी अधिक येतात, म्हणून तेथील मृत्यूही अधिक दिसूं शकतात. उलट दूरच्या रुग्णालयास धट्टेकट्टे रोगीच पोंचतात; वाटेंत दगावलेल्याची नोंद कोणत्याही रुग्णालयाच्या वहींत होत नाहीं. तेव्हां अंतर हेंही गुणदोषांतच मोजलें पाहिजे. सोलापुरास 1963 सालीं वैद्यकीय महाविद्यालय निघालें, याचें महत्त्व या दृष्टीनें विशेष आहे.

1949 च्या मुंबई कायद्यानें खाजगी शुश्रूषागृहांची नोंदणी आवश्यक केली. पण नोंदणी म्हणजे गुणवत्ता नव्हे. गुणवत्तेचा पुरावा रोजच्या कागदांत असतो. 1980 सालीं धरण पुरें झालें, गांवें उठलीं, रेल्वेमार्गही बदलावा लागला. अशा स्थलांतरांत देवाच्या मूर्ति व जमिनीचे कागद लोक आधीं उचलतात. दवाखान्याची चिठ्ठी कोणी उचलीत नाहीं. संग्राहकांनीं सनदा व बखरी शोधतांना घरगुती दप्तरांतील दाखल्याच्या चिठ्ठ्या, औषधाच्या पावत्या व प्रवासखर्चाच्या कीर्दी यांसही जागा द्यावी. रोग्यांचीं नांवें झांकून ठेवावीं. गांव, साल, दुखणें, मार्गांत गेलेला वेळ व परिणाम एवढें टिपून घ्यावें. या पांच रकान्यांची शंभर टिपणें मिळालीं, तरी कोणतें रुग्णालय या कांठास खरोखर उपयोगी पडलें, याचा निर्णय ऐकीव कीर्तीवर सोडावा लागणार नाहीं.