थंड पाण्यातला गोता

स्कुबा डायव्हिंग मी तारकर्लीला शिकलो. तिथलं पाणी कोमट. पातळ सूट घातला की काम भागतं. गेल्या एप्रिलमध्ये भावाकडे इंग्लंडला गेलो, तेव्हा पाणी साठलेल्या एका जुन्या दगडखाणीत उतरलो. तापमान ८ अंश. जाड सूट, हातमोजे, डोक्यावर टोपी, कमरेला नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वजन. तरीही विसाव्या मिनिटाला बोटं इतकी बधिर झाली की पट्ट्याचं बक्कल हाताला लागेना. मी खूण केली आणि वर आलो.

शेकोटीजवळ बसल्यावर मनात आलं, हा सूट नव्हता तेव्हा पोटासाठी पाण्यात उतरणारे काय करत असतील?

त्याचं एक उत्तर आखाताच्या इतिहासात आहे. बहरीन, कुवेत, कतारच्या किनाऱ्यांवरचे मुसलमान गोताखोर शेकडो वर्षं मोती काढत होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिश अधिकारी जे. जी. लॉरिमर यांनी हिंदुस्थान सरकारसाठी आखाताचं गॅझेटियर तयार केलं. त्यात मोत्यांच्या हंगामाचं सविस्तर वर्णन आहे. एप्रिलच्या मध्यापासून सुमारे ४० दिवस चालणाऱ्या हंगामाला ‘गौस अल-बारिद’ म्हणत, म्हणजे थंड गोता. पाणी अजून तापलेलं नसे, म्हणून उथळ जागीच काम होई. खरा हंगाम ‘गौस अल-कबीर’, मोठा गोता. तो भर उन्हाळ्यात सुरू होऊन सप्टेंबरपर्यंत चाले. थोडक्यात, कुठं आणि कधी उतरायचं हे पाण्याची थंडी ठरवायची.

साधनं म्हणाल तर नाकाला चिमटा, बोटांना चामड्याच्या टोप्या, पायाला दगड आणि वर दोर धरणारा साथीदार. थंडीसाठी काहीच नाही. जहाजाचा मालक किंवा कप्तान म्हणजे नाखुदा. आपल्या कोकणातला ‘नाखवा’ याच शब्दातून आला. गोताखोर हंगामाआधी उचल घेई आणि ती सहसा फिटत नसे. बाप मेला तर कर्ज मुलावर येई. काढलेले मोती मोठ्या प्रमाणात मुंबईच्या बाजारात येत. इथल्या पेढ्यांवर त्यांची किंमत ठरे. त्या किमतीत गोताखोराचा वाटा किती, हे त्या उचलीवरून समजून घ्यावं.

दुसरं उत्तर कोरियात सापडतं. तिथल्या ‘हेन्यो’, म्हणजे समुद्रात बुडी मारणाऱ्या बायका, सुती कपड्यांत हिवाळ्यातही उतरत. पाणी १० अंशांच्या आसपास. अर्ध्या तासाच्या आत बाहेर येऊन शेकोटीपाशी बसत आणि ऊब आली की पुन्हा उतरत. १९६० च्या दशकात सुक की हाँग आणि हर्मन रान या शास्त्रज्ञांनी त्यांचा अभ्यास केला. हिवाळ्यात विश्रांतीच्या वेळीही त्यांचं शरीर सुमारे ३० टक्के जास्त उष्णता तयार करत होतं. गरिबीनं शरीरालाच सूट बनवलं होतं.

खरा सूट आला तो अमेरिकेतून. पाणी हवेपेक्षा साधारण २५ पट वेगानं अंगातली उष्णता ओढून घेतं, म्हणून अंग कोरडं ठेवायलाच हवं, असा समज होता. बर्कलीचे भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांनी १९५१ च्या सुमारास तो खोडून काढला. ऊब राखतात ते निओप्रीन रबरातले वायूचे बारीक बुडबुडे. मग अंग ओलं झालं तरी चालतं. ब्रॅडनर यांनी या शोधातून पैसा कमावला नाही.

१९७० च्या दशकात हा सूट हेन्योंपर्यंत पोचला. आता त्या दोन-दोन तास पाण्यात राहू लागल्या. काही वर्षांतच त्यांच्या शरीराची ती कमावलेली ताकद नाहीशी झाली. काहींना याचं वाईट वाटतं. मला वाटत नाही. ती ताकद हौसेनं आलेली नव्हती. पण थंडीमुळे मिळणारी शेकोटीपाशची विश्रांतीही सुटानं कमी केली, हेही नोंदवायला हवं.

कोमट पाण्यातून थंड पाण्यात जाणं हे आज साहस म्हणून विकलं जातं. त्यात गैर काही नाही, मीही पैसे भरूनच उतरलो होतो. बोटं बधिर झाल्यावर मला वर येता आलं. माझ्यावर कुणाची उचल नव्हती.