‘पहिल्या फेरीचा खेळाडू’ : अमेरिकन फुटबॉलमधील निवड-भाकितांचा इतिहास

अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉल संघांमध्ये दरवर्षी वसंत ऋतूत महाविद्यालयीन खेळाडूंची वाटणी होते. हा फुटबॉल म्हणजे आपल्याकडील पायाने खेळावयाचा खेळ नव्हे. लंबगोल चेंडू हातांत घेऊन वा फेकून प्रतिपक्षाची भूमी पादाक्रांत करण्याचा तो खेळ आहे. वाटणीचा नियम साधा आहे. मागील हंगामात जो संघ सर्वांत दुबळा ठरला त्याने प्रथम निवड करावयाची, विजेत्याने सर्वांच्या शेवटी. येथे लिलाव नाही, बोली नाही. सर्व संघांची एक पाळी झाली की पहिली फेरी संपते. या सोहळ्याचे अधिकृत नाव ‘खेळाडू-निवड सभा’ असे आहे. परंतु लोकांच्या तोंडी रुळलेला शब्द आहे ‘ड्राफ्ट’. मराठी वाचकास हा शब्द बँकेमुळे आणि कचेरीतील मसुद्यामुळे परिचित आहे. तथापि अमेरिकन कानांना त्यात सक्तीच्या सैन्यभरतीचा ध्वनी प्रथम ऐकू येतो, आणि तो अस्थानी नाही. ज्या संघाने नाव उच्चारले त्याच्याशीच खेळाडूने करार करावयाचा असतो. अधिकृत नावापेक्षा लोकांचे नाव अधिक प्रामाणिक असण्याचे हे एक उदाहरण होय.

पहिल्या फेरीत कोणाची निवड होईल हे आधीच सांगण्याचा एक स्वतंत्र व्यवसाय या सभेच्या भोवती उभा राहिला आहे. त्याचा इतिहास क्रीडेच्या अभ्यासकांनी पुष्कळ लिहिला आहे. भाषेच्या अभ्यासकाचे लक्ष मात्र त्यातील एका वाक्याकडे जाते : “हा पहिल्या फेरीचा खेळाडू आहे.” हे वाक्य वर्णनपर आहे की भविष्यपर? या खेळाडूची योग्यता पहिल्या फेरीची आहे असा त्याचा एक अर्थ. त्याला पहिल्या फेरीत कोणी तरी निवडील, हा दुसरा. पहिल्या अर्थाची कसोटी मैदानावर, चारपाच वर्षांनी लागते. दुसऱ्याची त्याच रात्री लागते. प्रस्तुत लेखकाच्या मते या व्यवसायाचा इतिहास म्हणजे पहिल्या अर्थाची जागा दुसऱ्याने हळूहळू बळकावण्याचा इतिहास आहे.

प्रारंभी दोहोंपैकी एकही अर्थ संभवत नव्हता. फिलाडेल्फिया ईगल्स या संघाचे मालक बर्ट बेल यांनी १९३५ साली ही कल्पना मांडली, आणि ८ फेब्रुवारी १९३६ रोजी फिलाडेल्फियातील रिट्झ-कार्लटन हॉटेलात पहिली सभा भरली. नऊ संघ होते, नऊ फेऱ्या झाल्या, एक्याऐंशी खेळाडू निवडले गेले. फळ्यावर सुमारे नव्वद नावे लिहिली होती. ती मुख्यतः वर्तमानपत्रांतून आणि ऐकीव माहितीवरून गोळा केलेली. पहिला मान शिकागो विद्यापीठाच्या जे बर्वँगर यास मिळाला. ईगल्सला त्याच्याशी करार करणे जमले नाही. त्यांनी आपला हक्क शिकागो बेअर्सला दिला. तेथेही वेतनावर एकमत झाले नाही आणि बर्वँगर फोम रबराच्या व्यापारात शिरला. व्यावसायिक फुटबॉल तो कधीच खेळला नाही. पहिल्या फेरीचा हा पहिलाच मानकरी! त्या काळी या धंद्यात पैसा थोडा व प्रतिष्ठा त्याहून थोडी. अशा सभेचे भाकीत कोण कशास करील?

माहिती हीच शक्ती आहे हे ज्यांनी प्रथम ओळखले त्यांत न्यूयॉर्क जायंट्सचे वेलिंग्टन मारा यांचे नाव घ्यावे लागेल. वयाच्या विशीत ते गावोगावची वर्तमानपत्रे व नियतकालिके मागवून खेळाडूंची टिपणे ठेवीत. दुसऱ्या महायुद्धानंतर लॉस एंजेलिस रॅम्सने एडी कोटल यांस पूर्ण वेळेचा पारखी म्हणून देशभर हिंडविले. मधल्या काळात, १९४७ ते १९५८ पर्यंत, अगदी पहिली निवड चिठ्ठी टाकून ठरविली जात असे. तेव्हा त्या जागेचे भाकीत करणे म्हणजे शुद्ध ज्योतिषच झाले असते.

या इतिहासातील सर्वांत उद्बोधक प्रकरण डॅलस काउबॉइज या संघाचे आहे, आणि त्याचा नायक एक भारतीय आहे हे आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नाही. काउबॉइज संघ १९६० साली स्थापन झाला. त्याचे व्यवस्थापक टेक्स श्रॅम हे पूर्वी दूरचित्रवाणीच्या क्षेत्रात होते. १९६० च्या हिवाळी ऑलिंपिकच्या वेळी निकालांच्या कामी आयबीएमचे संगणक कसे राबतात हे त्यांनी पाहिले आणि खेळाडू पारखण्याच्या कामी त्यांचा उपयोग होईल काय, असा प्रश्न त्यांना पडला. उत्तर शोधण्याचे काम सलाम कुरेशी या तरुण संख्याशास्त्रज्ञाकडे आले. कुरेशी मूळचे अलीगढचे, तेथील मुस्लिम विद्यापीठात शिकलेले. क्रिकेट त्यांना ठाऊक होते. अमेरिकन फुटबॉल ठाऊक नव्हता. श्रॅम यांना फुटबॉल ठाऊक होता, संगणक ठाऊक नव्हता. या परस्परपूरक अज्ञानातून जे निष्पन्न झाले ते पाहण्यासारखे आहे.

अडचण गणिताची नव्हती. ती शब्दांची होती. पारखी मंडळींचे अहवाल विशेषणांनी भरलेले असत. हा चपळ आहे, तो जिद्दी आहे, अमका खंबीर आहे. परंतु टेक्ससमधील पारख्याचा ‘चपळ’ आणि ओहायोतील पारख्याचा ‘चपळ’ यांचा अर्थ एकच कशावरून? एकाच्या मते चपळ म्हणजे शंभर यार्ड वेगाने धावणारा. दुसऱ्याच्या मते पहिल्या दोन पावलांत प्रतिस्पर्ध्याला हुलकावणी देणारा. शब्दकोशात शब्द एक, व्यवहारात दोन. श्रॅम, पारखी विभागाचे प्रमुख गिल ब्रँड व प्रशिक्षक टॉम लँड्री यांच्यासह कुरेशी यांनी सुमारे तीनशे लक्षणांपासून प्रारंभ केला आणि ती गाळीत गाळीत पाचांवर आणली : शील, शरीरावरील ताबा व चपळाई, स्पर्धावृत्ती, मनाची सावधता, आणि बळ व त्याचा अकस्मात आविष्कार. मग या प्रत्येकाविषयी ठराविक विधाने रचून पारख्यांकडून अंकांत उत्तरे मागविली. पारख्याच्या शैलीला वाव उरला नाही. ही पाचच लक्षणे मूलभूत आहेत असे मानण्यास भाषिक आधार कोणता, असे कोणी विचारले तर उत्तर देणे कठीण आहे. ‘शील’ या शब्दाचे अर्थक्षेत्र तर कोणत्याही प्रश्नावलीत मावावयाचे नाही. तथापि एकच शब्द सर्वांनी एकाच अर्थाने वापरावा, ही पारिभाषिक संज्ञेची जी पहिली अट, ती या क्षेत्रात सर्वप्रथम येथे पाळली गेली. १९६६ पासून सलग वीस हंगाम काउबॉइजच्या विजयांची संख्या पराजयांहून अधिक राहिली. सारे श्रेय यंत्राला देणे अर्थातच अन्यायाचे होईल.

येथवर भाकिताचा अर्थ पहिलाच होता : हा मुलगा कसा खेळेल? आणि उत्तर हे संघाचे गुपित होते. गुपित निर्माण झाले की ते फोडणाराही निर्माण होतो. १९७० नंतरच्या दशकात संघांशी कोणताही संबंध नसलेली माणसे स्वतःच्या याद्या छापू लागली. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील जोएल बुक्सबाउम हे त्यांतील विलक्षण उदाहरण. लहानशा घरात बसून, चित्रफिती पाहत, दूरध्वनीवर प्रशिक्षकांशी व पारख्यांशी तासन् तास बोलत त्यांनी ‘प्रो फुटबॉल वीकली’साठी शेकडो खेळाडूंची टिपणे लिहिली. डिसेंबर २००२ मध्ये वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी ते निवर्तले, तेव्हा अंत्यविधीस बिल बेलिचिक यांच्यासारखे नामांकित प्रशिक्षक उपस्थित होते.

१९८० साली ईएसपीएन या नव्या वाहिनीने ही सभा प्रथमच दूरचित्रवाणीवर दाखविली. नावे वाचण्याचा कार्यक्रम कोण पाहणार, अशी लीगचे कमिशनर पीट रोझेल यांना शंका होती. लोकांनी तो पाहिला. १९८४ पासून बाल्टिमोरचे मेल कायपर हे त्या वाहिनीवर प्रत्येक निवडीचा निवाडा करू लागले, आणि ‘मॉक ड्राफ्ट’, म्हणजे लुटुपुटूची निवड, ही रचना घरोघरी पोहोचली. रचना म्हणण्याचे कारण असे की तिचे नियम ठरलेले आहेत : संघांचा क्रम जसा तसा घ्यावयाचा, प्रत्येकापुढे एक नाव लिहावयाचे आणि एकदोन वाक्यांत कारण द्यावयाचे. या कारणवाक्यांचे व्याकरण पाहण्यासारखे आहे. जुन्या अहवालांत कर्ता खेळाडू असे. लुटुपुटूच्या निवडीत कर्ता संघ असतो. ‘याचा हात बळकट आहे’ याऐवजी ‘या संघाला बळकट हाताची गरज आहे’. भाकिताचा विषय बदलल्याचा याहून स्पष्ट पुरावा शोधावयास नको.

केन्स यांचा रोजगार, व्याज व पैसा यांवरील सुप्रसिद्ध ग्रंथ ४ फेब्रुवारी १९३६ रोजी, म्हणजे पहिल्या निवड सभेच्या चारच दिवस आधी, प्रसिद्ध झाला. त्यात शेअरबाजाराला वृत्तपत्रीय सौंदर्यस्पर्धेची उपमा दिली आहे : तेथे बक्षीस सुंदर चेहरा ओळखणाऱ्यास नसते, तर बहुसंख्यांना कोणता चेहरा सुंदर वाटेल हे ओळखणाऱ्यास असते. दोन्ही घटनांचा परस्परांशी काडीचा संबंध नाही. परंतु त्या सभेच्या भाकितकारांचे जे पुढे झाले त्याचे वर्णन त्या उपमेत आधीच झाले होते.

दोन अर्थांची गल्लत झाली की भांडण होते. १९९४ साली इंडियानापोलिस कोल्ट्सने पाचव्या क्रमांकावर ट्रेव्ह अल्बर्ट्स या बचावपटूची निवड केली. ज्याच्या हातून आक्रमणाची चाल सुरू होते त्या क्वार्टरबॅकच्या जागी ट्रेंट डिल्फर यास घ्यावयास हवे होते, असे कायपर यांनी तेथल्या तेथे बजावले. कोल्ट्सचे बिल टोबिन भडकले. हा कायपर कोण लागून गेला, आपल्या शेजारच्या टपालवाल्याहून याची पात्रता काही अधिक नाही, अशा आशयाचे उद्गार त्यांनी प्रक्षेपणातच काढले. अल्बर्ट्सची कारकीर्द दुखापतींमुळे तीन हंगामांत संपली. डिल्फर सहाव्या क्रमांकावर टँपा बे संघाकडे गेला, तेथे फारसा चमकला नाही, आणि जानेवारी २००१ मध्ये बाल्टिमोरकडून अजिंक्यपद जिंकून बसला. वाद कोणी जिंकला? टोबिन योग्यतेविषयी बोलत होते की अधिकाराविषयी, हेच मुळी स्पष्ट नाही.

१९९८ चे उदाहरण याहून स्वच्छ आहे. पेटन मॅनिंग आणि रायन लीफ हे पहिल्या दोन जागी जातील असे भाकीत होते, आणि तसेच झाले. मॅनिंग या खेळातील थोर क्वार्टरबॅकांत गणला गेला. लीफ काही वर्षांतच बाहेर पडला. एकच भाकीत, दुसऱ्या अर्थाने पूर्ण खरे, पहिल्या अर्थाने निम्मे खोटे. योग्यता ओळखणे किती कठीण, हे कॅड मॅसी व रिचर्ड थेलर या अर्थशास्त्रज्ञांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात मोजून दाखविले आहे. निवडलेला खेळाडू त्याच जागेवर खेळणाऱ्या व त्याच्यानंतर लगेच निवडल्या गेलेल्या खेळाडूपेक्षा सरस ठरण्याचे प्रमाण त्यांना शेकडा ५२ आढळले. नाणे उडविले तर ५० येते.

२०११ च्या वेतन करारानंतर या वाक्याला तिसरा अर्थ आला आहे. नव्या खेळाडूचे वेतन आता निवडीच्या क्रमांकाशी जखडलेले असते, आणि पाचव्या वर्षी त्यास ठेवून घेण्याचा संघाचा हक्क केवळ पहिल्या फेरीतील खेळाडूंपुरता आहे. ‘पहिल्या फेरीचा’ हे विशेषण अशा रीतीने कायद्याची संज्ञा झाले. त्याचा भुर्दंड कोणास पडू शकतो हे २०२५ साली दिसले. कोलोरॅडो विद्यापीठाचा क्वार्टरबॅक शेडूर सँडर्स हा पहिल्या फेरीत जाईल असे अनेक याद्यांत होते. कायपर यांनी तर त्यास आपल्या यादीत अगदी वर ठेवले होते. पहिल्या फेरीत क्वार्टरबॅक दोनच निवडले गेले. त्यांत तो नव्हता. दुसरी फेरी गेली, तिसरी गेली, चौथी गेली. दूरचित्रवाणीच्या पडद्यावर ‘उरलेल्यांपैकी सर्वोत्तम’ या शीर्षकाखाली त्याचे नाव झळकत होते, आणि व्यासपीठावर दुसरीच नावे वाचली जात होती. अखेर तिसऱ्या दिवशी, पाचव्या फेरीत, १४४ व्या क्रमांकावर क्लीव्हलंड ब्राउन्सने त्याचे नाव उच्चारले. त्या संघाने तिसऱ्या फेरीत एक क्वार्टरबॅक आधीच घेतला होता.