परसबागेतील ॲक्वापोनिक्स

परसबागेतील ॲक्वापोनिक्स ही घराच्या परसात एकाच फिरत्या पाण्यावर मासे आणि भाजीपाला एकत्र वाढवण्याची पद्धत होय. मत्स्यपालन आणि मातीविना शेती म्हणजेच हायड्रोपोनिक्स यांच्या संयोगातून ती तयार झाली आहे. माशांच्या टाकीतील पाणी पंपाने खडीच्या वाफ्यात चढवले जाते. तेथील जिवाणू माशांच्या उत्सर्गाचे वनस्पतींना घेता येईल अशा अन्नात रूपांतर करतात आणि निवळलेले पाणी पुन्हा टाकीत उतरते. बाहेरून फक्त माशांचे खाद्य, वीज आणि बाष्पीभवनाने घटलेले पाणी पुरवावे लागते. प्रस्तुत लेखात पिंपरी-चिंचवड परिसरातील, विशेषतः ताथवडे येथील परिस्थिती समोर ठेवून या पद्धतीची माहिती दिली आहे.

पूर्वपीठिका

मासे आणि पीक एकत्र घेण्याची कल्पना जुनी आहे. दक्षिण चीनमधील भातखाचरांतील मत्स्यपालन, मेक्सिकोतील ॲझ्टेक लोकांच्या चिनाम्पा बागा आणि गोव्यातील खाजण शेती ही तिची परिचित उदाहरणे. आधुनिक बंदिस्त पद्धतीला आकार मिळाला तो अमेरिकेत. १९६९ साली स्थापन झालेल्या न्यू अल्केमी इन्स्टिट्यूटने मासे व भाज्या एकत्र वाढवण्याचे प्रयोग केले. १९८०च्या दशकात मार्क मॅकमर्ट्री यांनी उत्तर कॅरोलायना राज्य विद्यापीठात वाळूच्या वाफ्यांवर, तर जेम्स रॅकोसी यांनी व्हर्जिन आयलंड्स विद्यापीठात तरंगत्या तराफ्यांवर काम केले. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१४ साली लहान प्रमाणावरील ॲक्वापोनिक्सविषयी सविस्तर तांत्रिक पुस्तिका प्रसिद्ध केली. घरगुती संचाची आज वापरली जाणारी बहुतेक प्रमाणे त्या पुस्तिकेशी जुळतात.

नत्राचे चक्र

मासे कल्ल्यांवाटे आणि विष्ठेवाटे अमोनिया सोडतात. तो साचला की मासे मरतात. नायट्रोसोमोनास गटातील जिवाणू अमोनियाचे नायट्राइटमध्ये, तर नायट्रोबॅक्टर व नायट्रोस्पायरा हे नायट्राइटचे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नायट्राइटही माशांना घातक असते. नायट्रेट मात्र त्यांना बरेचसे सोसते आणि पालेभाज्यांना ते हवेच असते.

हे जिवाणू खडीच्या पृष्ठभागावर सावकाश वसतात. नव्या संचात त्यांची पुरेशी वस्ती होण्यास सुमारे चार ते सहा आठवडे लागतात. या काळात अमोनिया आधी चढतो व उतरतो, मग नायट्राइट चढतो व उतरतो. दोन्ही शून्याजवळ येऊन नायट्रेट दिसू लागल्यावरच माशांची पूर्ण संख्या सोडावी. घरगुती संचातील माशांची मरतूक बहुधा याच टप्प्यावर, उतावीळपणामुळे होते. मत्स्यालयाच्या दुकानांत मिळणारा पाणी-तपासणीचा संच हा यातील सर्वात उपयोगी खर्च मानावा लागेल. पाण्याचा सामू ६.८ ते ७.२च्या दरम्यान असल्यास मासे, जिवाणू व वनस्पती या तिघांचेही निभावते.

पिंपांची निवड

पिंपरी-चिंचवड व चाकण औद्योगिक पट्ट्यात २०० लिटरची निळी प्लास्टिकची पिंपे आणि लोखंडी पिंजऱ्यातील हजार लिटरच्या चौकोनी टाक्या भंगारात सहज मिळतात. चिखली-कुदळवाडीत अशा मालाची गोदामे अनेक वर्षे होती; फेब्रुवारी २०२५मध्ये महानगरपालिकेने तेथील बांधकामे मोठ्या प्रमाणावर पाडली. स्वस्त आणि हाताशी असल्याने घरगुती संचासाठी हीच पिंपे प्रथम सुचतात, आणि धोका नेमका येथेच आहे. वाहन व सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांतून येणाऱ्या पिंपांत रंग, विरलक, यंत्रांना लागणारी तेले, आम्ले किंवा धातूंना मुलामा देण्याची द्रावणे भरलेली असू शकतात. अशी द्रव्ये प्लास्टिकमध्ये मुरतात आणि धुण्याने पूर्णपणे निघत नाहीत. पुढे ती पाण्यात झिरपून मासा व भाजी या दोन्ही वाटांनी ताटात येण्याचा संभव राहतो. म्हणून ज्यावर मूळ पदार्थाचे लेबल शाबूत आहे आणि तो पदार्थ खाद्यतेल, ग्लुकोज पाक, फळांचा गर यांसारखा खाद्य आहे, असेच पिंप घ्यावे. तळाशी त्रिकोणात २ हा आकडा असल्यास पिंप उच्च घनतेच्या पॉलिथिनचे आहे एवढेच कळते. त्यात पूर्वी काय होते हे त्यावरून कळत नाही. इतिहास अज्ञात असलेल्या पिंपापेक्षा पिण्याच्या पाण्याची नवी टाकी केव्हाही श्रेयस्कर.

जस्तलेपित पत्रा, तांब्याची नळी किंवा पितळी जोड पाण्याच्या मार्गात ठेवू नयेत. जस्त व तांबे माशांना विषारी ठरतात.

रचना व प्रमाण

हजार लिटरच्या टाकीत सुरुवातीस सुमारे १० किलो मासे, म्हणजे अर्ध्या किलोचे वीस, पुरेसे होतात. वाढते मासे रोज आपल्या वजनाच्या एक ते दोन टक्के खाद्य खातात, म्हणजे येथे १०० ते २०० ग्रॅम. पालेभाज्यांना दर चौरस मीटरमागे दिवसाला ४० ते ५० ग्रॅम खाद्याइतके पोषण लागते. त्यानुसार वाफ्याचे क्षेत्र दोन ते पाच चौरस मीटर येते.

वाफा सुमारे ३० सेंटीमीटर खोल असावा. या भागातील काळ्या पाषाणाची अर्धा इंची खडी त्यासाठी उत्तम, कारण चुनखडीप्रमाणे ती सामू वाढवत नाही. शंका असल्यास खडीवर व्हिनेगर टाकून पाहावे. फेस आल्यास ती वापरू नये. वाफा भरणे व रिकामा होणे हे काम घंटा-सायफनने विनाविजेचे होते. उभ्या नळीवर उपडे झाकण असते. पाणी नळीच्या काठावरून वाहू लागले की आतील हवा ओढली जाऊन सायफन सुरू होतो, आणि पाणी तळाशी जाऊन हवा शिरताच तो तुटतो. दर भरती-ओहोटीला मुळांपर्यंत ताजी हवा पोहोचते.

ओल्या खडीचा असा वाफा दर चौरस मीटरला सुमारे ५५० ते ६०० किलो भरतो. भारतीय मानकानुसार वावर असलेल्या घराच्या गच्चीसाठी गृहीत धरलेला चल भार सुमारे १५० किलो असतो. ताथवड्यासारख्या इमारतींच्या भागात गच्चीचा विचार साहजिक असला, तरी स्थापत्य अभियंत्याच्या सल्ल्याशिवाय हा संच जमिनीवरच उभारावा.

ताथवडे येथील परिस्थिती

ताथवडे गावाचा समावेश पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत २००९ साली झाला. महापालिकेचे पाणी मुख्यतः पवना नदीतून येते आणि नोव्हेंबर २०१९पासून शहरात दिवसाआड पुरवठा सुरू झाला. संचाला रोज एक ते तीन टक्के, म्हणजे १० ते ३० लिटर भर लागते. उन्हाळ्यात ती अधिक असते. नळाच्या पाण्यातील क्लोरीन जिवाणूंना मारतो, म्हणून ते एक-दोन दिवस उघडे ठेवून मगच टाकीत घालावे. या साठ्यावर जाळी हवीच, अन्यथा डेंग्यूचे डास तेथे अंडी घालतात. कूपनलिकेचे वा टँकरचे कठीण पाणी सामू चढवते. त्यामुळे लोह विरघळलेले राहत नाही आणि कोवळी पाने पिवळी पडतात.

विजेचा प्रश्न अधिक गंभीर आहे. देखभालीसाठी या परिसरात वीज बहुधा गुरुवारी बंद ठेवली जाते. दाट मासे असलेल्या टाकीतील प्राणवायू काही तासांत संपू शकतो. प्राणवायूचे प्रमाण लिटरला ५ मिलिग्रॅमच्या खाली जाऊ नये, यासाठी बॅटरीवर चालणारा हवापंप ठेवणे अपरिहार्य आहे. मुख्य पंप ४० वॅटचा असल्यास दिवसाला जवळपास एक युनिट खर्च होते. त्यामुळे ‘फुकटची भाजी’ हा या पद्धतीचा प्रचार हिशेबाला टिकत नाही. पाण्याची मोठी बचत मात्र खरी आहे.

मासे व पिके

तिलापिया, म्हणजे चिलापी, काटक असल्याने जगभर लोकप्रिय आहे. भारतात मोझांबिक तिलापिया १९५२ साली आणला गेला आणि पुढे जलाशयांत पसरून स्थानिक माशांना जड झाला. म्हणून संचातील मासे ओढ्यात किंवा पवनेत कधीही सोडू नयेत. परदेशी मांगूर पाळण्यास भारतात बंदी आहे. सायप्रिनस थंडी अधिक सोसतो. चिलापी मात्र पाणी १७ अंशांखाली गेल्यास खाणे टाकते. शाकाहारी कुटुंबांना कोई किंवा गोल्डफिशवरही भाजी तितकीच घेता येते.

पालक, चुका, पुदिना, कोथिंबीर, तुळस आणि विशेषतः अळू चांगले येतात. टोमॅटो व मिरचीला पोषण जास्त लागते, म्हणून ती संच मुरल्यावर लावावीत. किडीसाठी तंबाखूचा अर्क किंवा साबणाचे पाणी फवारू नये. दोन्ही माशांना घातक आहेत. सर्व मासे एकदम काढल्यास वाफ्याचे पोषणच थांबते, त्यामुळे मोठे मासे टप्प्याटप्प्याने काढून त्यांच्या जागी बोटुकली सोडण्याची पद्धत आहे.