डॉ. तात्याराव लहाने : माकेगावचे नेत्रवैद्य

कल्याण, अंबरनाथ, उल्हासनगर या भागातील अनेक घरांत एक अनुभव समान आढळतो. आजीचे किंवा आजोबांचे डोळे पिकले, खाजगी दवाखान्याचा खर्च झेपेना, तेव्हा सकाळची लोकल धरून भायखळ्यास उतरावयाचे आणि जे. जे. रुग्णालयाच्या नेत्रविभागात रांगेत बसावयाचे. त्या रांगेत ज्या डॉक्टरांचे नाव वारंवार ऐकू येई, ते म्हणजे डॉ. तात्याराव लहाने. त्यांच्या जीवनकार्याची माहिती वाचकांस एकत्रित मिळावी, या हेतूने आम्ही हा परिचय देत आहोत.

तात्यारावांचा जन्म १२ फेब्रुवारी १९५७ रोजी माकेगाव येथे, एका गरीब शेतकरी कुटुंबात झाला. हे गाव आज लातूर जिल्ह्यात मोडते. लातूर जिल्हा १९८२ साली निर्माण झाला. वैद्यकीय शिक्षण पूर्ण करून त्यांनी नेत्रशल्यशास्त्रात पदव्युत्तर पदवी मिळविली. पुढे त्यांनी बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई येथील स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात नोकरी केली. मराठवाड्यातील या लहानशा गावाने त्यांना घडविले, असे आमचे मत आहे. दृष्टी गेली म्हणजे शेतमजुराची मजुरी जाते आणि त्यास हाताला धरून नेणाऱ्या नातवाची शाळाही सुटते, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही.

अशातच त्यांची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली. वय चाळिशीच्या आत, कारकीर्द नुकती उभी राहत असलेली. १९९५ साली त्यांच्या मातोश्री अंजनाबाई यांनी आपले एक मूत्रपिंड त्यांना दिले. प्रत्यारोपण झालेल्या रुग्णास आयुष्यभर औषधे घ्यावी लागतात. शरीराने परके मूत्रपिंड नाकारू नये म्हणून ही औषधे त्याची प्रतिकारशक्ती दाबून ठेवतात. साहजिकच संसर्गाचे भय कायम राहते. अशा माणसाने गर्दीपासून दूर राहावे, हा साधा व्यवहार. डॉ. लहाने यांनी मात्र सरकारी रुग्णालयाची गर्दी सोडली नाही, उलट खेडोपाडीच्या शिबिरांची वाट धरली.

त्यांचे कार्य समजून घेण्यासाठी मोतीबिंदूविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. डोळ्यातील नैसर्गिक भिंग धूसर होणे म्हणजे मोतीबिंदू. त्यावर थेंब किंवा अंजन चालत नाही. शस्त्रक्रिया हाच उपाय. पूर्वी धूसर भिंग काढून टाकीत व रुग्णास जाड काचांचा चष्मा देत. तो फुटला वा हरविला की मनुष्य पुन्हा जवळजवळ आंधळा. डोळ्याच्या आत कृत्रिम भिंग बसविण्याची पहिली शस्त्रक्रिया हॅरोल्ड रिडले यांनी १९४९ साली लंडनमध्ये केली, परंतु आपल्या गरिबांपर्यंत ती पोहोचावयास चार दशकांहून अधिक काळ लागला. भारत सरकारचा अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ पासूनचा. १९९४ नंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने महाराष्ट्रासह सात राज्यांत मोतीबिंदूचे मोठे काम हाती घेण्यात आले. डॉ. लहाने यांच्या जे. जे. मधील कार्याचा बहर याच काळातला. डॉ. रागिणी पारेख व अन्य सहकाऱ्यांसह त्यांनी केलेल्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांची संख्या लाखाच्या पुढे गेली.

आम्हांस या संख्येपेक्षा आनंदवनातील शिबिरे अधिक महत्त्वाची वाटतात. बाबा आमटे यांनी वरोऱ्याजवळ उभारलेल्या या वसाहतीत जाऊन डॉ. लहाने यांनी कुष्ठरुग्णांच्या डोळ्यांवर शस्त्रक्रिया केल्या. कुष्ठरोगात पापण्या मिटेनाशा होतात, बुबुळाची संवेदना जाते, जखम झाली तरी कळत नाही. बोटे झडलेल्या माणसास स्पर्शाने जग ओळखणेही कठीण; त्याची दृष्टी गेली तर उरते काय? आणि नेमक्या याच रुग्णास हात लावावयास लोक कचरत आले आहेत.

२००८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पुढे ते जे. जे. चे अधिष्ठाता व राज्याच्या वैद्यकीय शिक्षण विभागाचे संचालक झाले आणि २०२१ साली निवृत्त झाले. त्यांच्या जीवनावर २०१८ साली मराठी चित्रपटही आला. त्यात त्यांची भूमिका मकरंद अनासपुरे यांनी केली.

२०२३ सालची घटना वगळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. नेत्रविभागातील निवासी डॉक्टरांनी, आपणांस पुरेशा शस्त्रक्रिया करू दिल्या जात नाहीत व नीट वागविले जात नाही, अशी तक्रार केली. डॉ. लहाने यांनी आरोप नाकारले आणि मे अखेरीस डॉ. पारेख व इतर अध्यापकांसह राजीनामे दिले. या वादाचा निवाडा करण्याचा अधिकार आम्हांस नाही. परंतु प्रश्न खरा आहे. गरीब रुग्णाचा डोळा अत्यंत सराईत हाताखाली जावा, ही रुग्णाची गरज; आणि शिकाऊ हातास सराव मिळावा, ही उद्याच्या मुरबाड-शहापुरातील रुग्णाची गरज. दोन्ही एकाच टेबलावर भागवावयाच्या असतात.

त्यांचे बंधू डॉ. विठ्ठल लहाने हे प्लास्टिक सर्जन असून त्यांनी लातूर हेच कार्यक्षेत्र निवडले. दुभंगलेले ओठ व टाळू घेऊन जन्मलेल्या मुलांवर त्यांनी तेथे विनामूल्य शस्त्रक्रिया केल्या आहेत.