डीप सीक्रेट

डायना विन जोन्स (१९३४–२०११) या ब्रिटिश लेखिकेची १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेली अद्भुतरम्य कादंबरी. विश्वे अनेक असून ‘मॅजिड’ नावाचे जादूगार त्यांच्यावर गुपचूप देखरेख ठेवतात, ही तिची मूळ कल्पना. पृथ्वीवरचा तरुण मॅजिड रूपर्ट व्हेनेबल्स हा गुरू स्टॅनच्या मृत्यूने रिकामी झालेली जागा भरायला निघतो. सगळे उमेदवार एकत्र भेटावेत म्हणून तो मंत्रबळाने त्यांच्या नशिबाचे धागे गुंफतो. वॉन्टचेस्टर या काल्पनिक गावातल्या ‘हॉटेल बॅबिलॉन’मध्ये सगळे जमतात खरे, पण ईस्टरच्या सुट्टीत तिथे अद्भुतसाहित्याच्या चाहत्यांचे संमेलन भरलेले असते.

कादंबरीला खरा बहर येतो तो इथेच. वेशभूषा, परिसंवाद, मानाचे पाहुणे, खच्चून भरलेले हॉटेल: साहित्य संमेलनाचा मांडव अनुभवलेल्या मराठी वाचकाला यातले बरेच ओळखीचे वाटेल. हॉटेलातच जादू मुरलेली असल्याने मजल्याला फेरी मारताना चाराहून जास्त काटकोनी वळणे लागतात. परविश्वातून जखमी सेंटॉर, म्हणजे अर्धा माणूस अर्धा घोडा, येऊन पोहोचतो, तेव्हा लोकांना तो झकास वेशभूषा केलेला चाहता वाटतो. त्याच्या जखमेकडे बघायला नायिका मरी मॅलरी उपयोगी पडते, कारण ती पशुवैद्यकाची विद्यार्थिनी आहे.

चाहत्यांची ही थट्टा आतल्या माणसाची आणि मायेची आहे. अद्भुतकथांच्या ठरीव साच्यांची फिरकी जोन्स यांनी ‘द टफ गाइड टू फँटसीलँड’मध्ये (१९९६) आधीच घेतली होती. याच विश्वातली पुढची कादंबरी ‘द मर्लिन कॉन्स्पिरसी’ २००३ मध्ये आली.